ॲनिमेतली शांतता झेनची की बजेटची?

सेलवरची_धूळ
परवा इथेच 'चौथी_चौकट' यांनी ठोकून दिलं: पाश्चात्य गोष्ट संघर्षावर चालते, जपानी गोष्ट किशोतेनकेत्सुवर, म्हणजे सुरुवात, विस्तार, वळण, समारोप या चार पायऱ्यांवर. ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनमध्ये, पात्रं मध्येच गप्प बसून ढग बघतात ती झेन परंपरा. आणि हे सगळं स्ट्रीमिंगवाल्यांनी अलीकडे पाश्चात्य वळण लावून नासवलं. खाली बदामांचा पाऊस. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

'अलीकडे'? चित्रकार ओसामु तेझुकांची सिंहाच्या छाव्याची मालिका 'जंगल तैतेई' १९६५ची, रंगीत मालिकांमधली अगदी सुरुवातीची. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीला प्रत्येक भाग सुटा हवा होता, कुठल्याही क्रमाने लावता येईल असा. मूळ मांगात (जपानी कॉमिकमध्ये) नायक सिंह लिओ वाढतो, बाप होतो, शेवटी मरतो. सुट्या भागांत नायक वाढवायचा कसा? म्हणून मोठा लिओ १९६६च्या वेगळ्या मालिकेत आला. गोष्टीच्या सांगाड्यालाच हात घालणारा प्रभाव साठ वर्षं जुना आहे.

आता तुमची शांतता. सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक चित्र तीन फ्रेम धरलं, म्हणजे 'थ्रीज'वर काम केलं, तर सेकंदाला ८ चित्रं लागतात. ओपनिंग, एंडिंग, पुढच्या भागाची झलक वजा करून गोष्टीला उरतात साधारण २१ मिनिटं, म्हणजे १,२६० सेकंद. गुणिले ८ केलं की १०,०८० चित्रं. प्रत्यक्षात टीव्हीच्या एका भागाला मिळतात साधारण ३,००० ते ५,०००. त्यातही दोन पात्रं दोन सेलवर (ज्यांवर चित्र रंगवतात त्या पारदर्शक पत्र्यांवर) वेगवेगळी हलली की चित्रं दुप्पट मोजली जातात. मग निम्म्याहून जास्त वेळ पडद्यावर एकतर काही हलत नाही, किंवा नुसता कॅमेरा सरकतो, किंवा फक्त ओठ. ढगाचं एक चित्र पॅन करून (त्यावरून कॅमेरा सरकवून) चार सेकंद काढले की ३२ चित्रं वाचली. यात झेन कुठे आलं?

काटकसरीची ही पद्धतही अमेरिकेतली. १९४१च्या संपानंतर डिस्ने सोडलेल्या लोकांच्या यूपीए स्टुडिओने ती शैली म्हणून वापरली, हॅना-बार्बेराने टीव्हीसाठी कारखाना म्हणून. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का? तिथे मान कापता येते. धडाचा सेल तसाच ठेवायचा, फक्त डोक्याचा बदलायचा, सांधा कॉलरखाली लपतो. तेझुकांची 'तेत्सुवान आतोमु' ('ॲस्ट्रो बॉय') १ जानेवारी १९६३ला सुरू झाली तेव्हा हे सगळं अमेरिकन टीव्हीवर रुळलेलं होतं.

चौथी_चौकट
माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे.

तुमचा हिशेब बरोबर आणि निष्कर्ष उलटा. पैशाची चणचण हॅना-बार्बेरालाही होती. त्यांनी काय केलं? रिकामी जागा बडबडीने भरली, वर 'फ्लिंटस्टोन्स'ला खोटं हसू चिकटवलं. चित्र थांबलंय हे कळूच द्यायचं नाही. जपान्यांनी तेच थांबलेलं चित्र आवाज काढून समोर ठेवलं, सिकाड्यांचा किर्रकिर्र आवाज लावला आणि म्हणाले, बघा. तंगी दोघांना सारखीच, मग उत्तरं वेगळी का आली? मी परवा एवढंच म्हटलं होतं. पण अर्धं वाचून खवळायची इथली प्रथा आहे.

बिनआवाजी
ॲनिमे म्हणजे डिस्नेची नक्कल, मोठे डोळे बघा ना.

सेलवरची_धूळ
@बिनआवाजी, नको. तेझुकांवर डिस्नेचा ठसा आहेच, १९५२ साली त्यांनी 'बॅम्बी'चा मांगा काढला होता. पण युद्धाआधी मुलींच्या मासिकांत नाकाहारा जुनइची पाणीदार मोठ्या डोळ्यांच्या मुली काढत होते. शोजोतले (मुलींसाठीच्या मांगातले) डोळे त्या घराण्याचेही आहेत. नुसते डोळे धरून बसलं की चर्चा नर्सरीत जाते.

आल्प्स_ते_आंबोली
दोघेही तेझुकांच्या अंगणातून बाहेर यायला तयार नाहीत. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता कुठे आहेत? माणूस तोक्यो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकला, फ्रेंच कवी प्रेव्हेरच्या कवितांचं भाषांतर केलं. ॲनिमेशन मोठ्या माणसांचं काम असू शकतं हे त्यांना डिस्नेनं दाखवलं नाही, पॉल ग्रिमोच्या फ्रेंच चित्रपटानं दाखवलं, आणि त्याची पटकथा प्रेव्हेरचीच. त्यांचे सहकारी मियाझाकी यांच्या बाबतीत सोव्हिएत 'स्नो क्वीन' (१९५७) धरा. तुम्ही 'पाश्चात्य' म्हणता आणि मनात फक्त अमेरिका असते, हा पहिला घोळ.

दुसरा घोळ असा की गोष्ट कुठली हे बघता, ती रचली कशी हे बघत नाही. 'हायडी' (१९७४) बघा. कादंबरी स्विस, १८८०ची, देवभक्तीने ओथंबलेली. चमू स्वित्झर्लंडला जाऊन जागा बघून आला. मग ताकाहातांनी भक्तीचा रंग फिका केला आणि ५२ भाग रोजच्या जगण्यावर उभे केले: शेळ्या, चीज वितळणं, गवताचा बिछाना. आजोबांचा योझेफ कुत्रा पुस्तकात नाहीच. हायडीला फ्रँकफुर्टला न्यायच्या आधी मालिकेचा जवळपास तिसरा हिस्सा डोंगरावर जातो. अमेरिकन निर्मात्याने तिला तिसऱ्या भागात गाडीत बसवलं असतं.

आणि हे साधलं लेआउटमुळे. एका भागात साधारण ३०० कट, म्हणजे सुटी दृश्यं. प्रत्येक कटचा आराखडा एका कागदावर काढायचा: कॅमेऱ्याची उंची, क्षितिज कुठे, पात्र किती मोठं, कुठून कुठे चालणार. त्याच कागदावरून पार्श्वभूमीवाला रंगवतो आणि ॲनिमेटर हालचाल काढतो. हा कागद नसेल तर दोघांची क्षितिजं जुळत नाहीत आणि पात्र जमिनीच्या दोन बोटं वर तरंगतं. 'हायडी'त हे लेआउट मियाझाकी एकटे काढत होते. चीज वितळताना खरं वाटतं ते या शिस्तीमुळे. बजेट कमी होतंच हो, पण ते कशावर खर्चलं ते बघा.

चौथी_चौकट
बघा! रोजच्या जगण्यावर उभे केलेले भाग. किशोतेनकेत्सु.

सेलवरची_धूळ
अहो, ते चिनी कवितेच्या चार ओळींचं गणित. जपानी शाळेत निबंध लिहायला शिकवतात, चार चौकटींच्या मांगात चपखल बसतं. तिसऱ्या पायरीला वळण येतं एवढाच नियम. 'संघर्ष नसतो' ही भर इंटरनेटवरच्या पाश्चात्य ब्लॉगवाल्यांची, आणि तीच तुम्ही अस्सल पौर्वात्य म्हणून आम्हाला परत विकताय. 'आशिता नो जो' मुष्टियोद्ध्याची गोष्ट आहे. संघर्ष काढा तिच्यातून, मग उरतात रिंगणाच्या दोऱ्या.

चौथी_चौकट
'जो'चं नाव काढलंत ते बरं केलंत. त्याचे दिग्दर्शक देझाकी! ऐन क्षणी हालचाल थांबते आणि चित्र रंगीत खडूने रंगवल्यासारखं होऊन गोठतं. हार्मनी म्हणतात तिला. त्या एका चित्रासाठी पार्श्वभूमी विभागाला पात्रसुद्धा हाताने रंगवावं लागतं, साध्या सेलच्या कितीतरी पट वेळ जातो. काटकसरच करायची तर साधा सेल धरून ठेवा की, खर्च शून्य. 'व्हर्सायचा गुलाब'मध्ये १९व्या भागापासून देझाकी आले, आधीचे भाग आणि नंतरचे शेजारी ठेवून बघा. पैसे वाढले नव्हते. शांतता वाढली.

सेलवरची_धूळ
एक हार्मनी तीन सेकंद धरली की थ्रीजच्या हिशेबाने २४ चित्रं वाचतात. एका रंगाऱ्याचा अर्धा दिवस विरुद्ध २४ चित्रं, त्यांचं ट्रेसिंग, त्यांचं रंगकाम. हिशेब तुम्हीच करा. एकच झटका तीनदा दाखवायची देझाकींची युक्ती तर फुकटातली, तेच सेल तीनदा कॅमेऱ्याखाली. देझाकी तयार झाले तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे काटकसरीच्या शाळेतच.

१९व्या भागाचं मान्य. घ्या, एक भाग तुमचा. आणि मुळात तो गुलाबही फ्रेंच राज्यक्रांतीचा, मूळ मांगाच्या लेखिका इकेदांनी तो फुलवला स्टेफान त्स्वाइगने लिहिलेलं मारी आंत्वानेतचं चरित्र वाचून.

डबिंगग्रस्त
सगळे चित्रं मोजताय, ओठ कुणी मोजतंय का?

डिस्ने पद्धतीत आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो, मग त्या उच्चारांवर ओठ काढतात. टीव्ही ॲनिमेत बहुतेक वेळा उलट: ओठांची तीनच चित्रं, मिटलेले, अर्धे, उघडे, ती फिरवत राहायची आणि आवाज नंतर. ('आकिरा' या चित्रपटाने १९८८मध्ये आवाज आधी घेतले, म्हणून ते ओठ वेगळे वाटतात.) प्रभावाची चर्चा एकाच दिशेने चाललीय म्हणून सांगतो, या तीन ओठांमुळेच ॲनिमे जगभर विकता आला. उच्चार जुळवायचाच नसतो. वाक्य कधी सुरू, कधी बंद, मध्ये श्वास कुठे, एवढं धरलं की कुठलीही भाषा बसते.

बसत नाही ते वेगळंच. जपानीत क्रियापद शेवटी, तेव्हा 'त्याला मीच मारलं'मधला 'मारलं' शेवटी येतो आणि लगेच ऐकणाऱ्याचा दचकलेला चेहरा. इंग्रजीत ते क्रियापद आधीच येऊन जातं आणि चेहरा अर्ध्या सेकंदाने उशिरा दचकतो. मराठी-हिंदीत क्रियापद आपोआप जागेवर पडतं. तरी आपले लोक इंग्रजी संहितेवरून डबिंग करतात आणि इंग्रजीचा उशीर फुकट घरी आणतात. इथे गोची आहे, झेन-बिन नंतर बघू.

पेंच_बफर_झोन
डबिंग निघालंच आहे तर मोगली! निप्पॉन ॲनिमेशन, १९८९, ५२ भाग, दूरदर्शनवर १९९३. गुलजारांचं गाणं, शेरखानला नाना पाटेकर. गोष्ट एका इंग्रजाची, जंगल आपल्या नागपूरच्या उत्तरेचं शिवनीचं, चित्रं जपानी, आवाज नानाचा. आता सांगा यात कोण कोणाच्या प्रभावाखाली? आणि त्या पोराच्या हातात बूमरँग का? शिवनीत बूमरँग!

आल्प्स_ते_आंबोली
कारण ५२ भाग लढायचे आणि लहान मुलांच्या वेळेत रक्त दाखवायचं नाही. सुरा भोसकावा लागतो. बूमरँग लांबून लागतं, परत येतं, आणि त्याच्या फिरण्याचं एकच चक्र काढून दर भागात वापरता येतं.

सेलवरची_धूळ
पुन्हा काटकसर. धन्यवाद.

चौथी_चौकट
म्हणजे आता बूमरँगही तुमच्या बाजूने. छान. आता कुणीतरी १९९२चा जपानी-भारतीय ॲनिमे रामायणपट काढेलच.

बिनआवाजी
आणि 'इव्हांगेलिओन' मालिकेतले क्रॉस? ते तरी पाश्चात्य की नाही?

डबिंगग्रस्त
ते दिसायला भारी वाटले म्हणून घेतले, सहदिग्दर्शक त्सुरुमाकींनीच सांगितलंय. त्यावर प्रबंध लिहू नका.

चौथी_चौकट
@सेलवरची_धूळ, तुमच्या ३,००० ते ५,००० ने काही सिद्ध होत नाही. चित्रं किती मिळाली हे बजेट सांगतं. ती भागात कुठे ओतली आणि कुठे रोखली हे दिग्दर्शक ठरवतो. शेवटच्या मारामारीला ८०० चित्रं देऊन त्याआधीची दोन मिनिटं पूर्ण गोठवायची, की ती सगळीकडे सारखी वाटायची? हॅना-बार्बेरा वाटतात. देझाकी रोखतात.

सेलवरची_धूळ
हे परवा लिहिलं असतंत तर धागा काढायची वेळ आली नसती. झेन लिहिलंत.

पण ओतणं-रोखणं डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. 'जो'चा कुठलाही सामना घ्या, एकेक फ्रेम पुढे सरकवत चित्र कितव्या फ्रेमला बदलतं ते टिपा, मग त्याच भागातल्या एखाद्या बोलण्याच्या कटशी ताडून बघा. पॅन होताना प्रत्येक फ्रेम वेगळी दिसते, तिथे चित्र बदललं असं धरू नका. जुनी टीव्ही-प्रत किंवा तिच्यावरून केलेली डीव्हीडी घेऊ नका. २४ चे ३० करताना फ्रेम दुहेरी होतात आणि थ्रीज कधी तीन, कधी चार दिसतात. ब्लू-रे घ्या.

चौथी_चौकट
ब्लू-रेच आहे माझ्याकडे. आकडे टाकतो. तोवर हार्मनीला फुकटातली म्हणू नका.

सेलवरची_धूळ
फुकटातली मी तीनदाच्या झटक्याला म्हटलं. हार्मनीला स्वस्त म्हटलं.