किरणं देऊनही उंदीर परकी कातडी का नाकारतो?

दिंडोरीकर_पोरगी: नाशिकला एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी करतेय. शनिवारी सेमिनार आहे. काळ्या सी-५७ स्ट्रेनच्या (जातीच्या) उंदराची कातडी पांढऱ्या बाल्ब-सी स्ट्रेनच्या उंदराला लावली की साधारण दोन आठवड्यांत ती सुकून गळते. आधी ४-५ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) किरणं दिली तर लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, मरतात, मान्य. मग कातडी कायमची का टिकत नाही? थोडेच दिवस जास्त काढते. पप्पांना सांगितलं तर म्हणे, "आपण डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाचं कलम भरतो, ते कसं धरतं?"

जुना_लॅबवाला: वेलीच्या अंगात फिरत्या टी-पेशी (परकं ओळखून मारणाऱ्या लिम्फोसाइट) नसतात, एवढं पप्पांना पुरे.

आता उंदीर. बहुतेक पेशी किरणांनी मरतात त्या विभाजनाच्या वेळी. लिम्फोसाइट बसल्या जागी मरतात, म्हणून सुरुवातीला मोठा फरक दिसतो. पण या मात्रेला सगळ्या मरत नाहीत, अस्थिमज्जेतल्या मूळपेशीही वाचतात. काही आठवड्यांत थायमसमधून (छातीतली ग्रंथी, टी-पेशी तिथे घडतात) नव्या टी-पेशी येतात. त्यांना दात्याची ओळख कुणी करून दिलेलीच नसते, म्हणून त्या कातडीला परकी समजतात! मेन आणि प्रेन यांनी १९५५ मध्ये उंदरांना मारक मात्रा देऊन वर दुसऱ्या स्ट्रेनची मज्जा टोचली. त्या उंदरांवर मज्जा देणाऱ्या स्ट्रेनची कातडी टिकली. सेमिनारचा गाभा हाच ठेव.

आणि स्लाइडवर मात्रेशेजारी वेळ लिही, पोरं हमखास विसरतात. किरणं रोपणाआधी दिली तर उपयोग. प्रतिकार पेटल्यावर दिली तर फार साधत नाही, चेतलेल्या आणि स्मृती-पेशी चिवट असतात.

दिंडोरीकर_पोरगी: मग सर, थायमसच काढला तर?

सातपूर_रात्रपाळी: जन्मल्या जन्मल्या काढला तर परकी कातडी टिकते, जॅक मिलरने १९६१ मध्ये दाखवलं. मोठ्या उंदराचा नुसता थायमस काढून काही होत नाही, जुन्या टी-पेशी असतातच. थायमस काढून किरणं द्यायची, मग टी-पेशी वगळलेली मज्जा. असा उंदीर कातडी दीर्घकाळ सांभाळतो.

जुना_लॅबवाला: बरोबर. कंट्रोलचा (तुलनेसाठीच्या उंदरांचा) प्रश्न नक्की येणार, तयार राहा. किरणं दिलेल्या बाल्ब-सीवर बाल्ब-सीचीच कातडी. ती गळली तर प्रतिकाराला दोष देऊ नकोस. टाके बघ, पट्टी बघ. किरणांनी जखमही उशिरा भरते.