गोर्बाचेव सुधारक कुठून झाले?

प्रश्न: सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्याच पायऱ्या चढत १९८५ मध्ये सरचिटणीस झालेला माणूस त्याच पक्षाची पकड सैल करतो, हे मला उलगडत नाही. बीज कुठे पडलं असेल?

उत्तर १: माझ्या मते प्रिवोल्नोये या त्यांच्या जन्मगावात. १९३७ मध्ये स्टालिनच्या अटकसत्रात आजोबा पांतेलेई यांना अटक झाली. ते सामूहिक शेताचे अध्यक्ष, पक्षाचे निष्ठावान! त्यानंतर शेजाऱ्यांनी घराकडे फिरकणंच बंद केलं. सहा वर्षांच्या मुलाच्या मनातून असं घर पुसलं जात नाही. पुढे १९४८ ला वडिलांसोबत कंबाइनवर राबून विक्रमी कापणी केली, पदक मिळवलं आणि १९५० मध्ये कायदा शिकायला मॉस्को गाठलं.

उत्तर २: पण लिथुआनियाची राजधानी विल्नियस विसरू नका. लिथुआनिया स्वातंत्र्य मागत होता, तेव्हा जानेवारी १९९१ मध्ये तिथे सोव्हिएत रणगाडे आले, १४ माणसं गेली. लिथुआनियन लोकांनी गोर्बाचेवना सुधारक का म्हणावं?

उत्तर १: बरोबर आहे तुमचं, तो डाग पुसता येत नाही. तरी मला डिसेंबर १९८६ पुन्हा पुन्हा आठवतो. गॉर्की शहरात नजरकैदेत असलेल्या साखारोव्ह या सरकारविरोधी शास्त्रज्ञाच्या घरी रात्री अचानक माणसं येऊन फोन बसवून गेली. दुसऱ्या दिवशी त्यावर खुद्द गोर्बाचेव बोलले: मॉस्कोला परत या. साखारोव्हनी आभार मानले आणि लगेच तुरुंगात नुकत्याच मेलेल्या मार्चेन्को या राजकीय कैद्याचा विषय काढला, इतर कैद्यांना सोडा म्हणाले. पुढच्या काही महिन्यांत कितीतरी राजकीय कैदी सुटलेही.

प्रश्नकर्ती: हा फोनचा प्रसंग मला माहीतच नव्हता. आता साखारोव्ह यांच्या बाजूनेही वाचते.