सगळ्यांना माहितेय कंपनी फालतू आहे, तरी सगळे पैसे लावतात. गेम थिअरीने हे कळतं का?

गोदाकाठचा_पोरगा
ऑगस्ट २०२४ मधला तो दिल्लीचा एसएमई आयपीओ (छोट्या कंपनीने पहिल्यांदा लोकांना शेअर विकायला काढणं) आठवतोय ना? बाईकची दोन शोरूम, आठ कर्मचारी, मागितले १२ कोटी आणि अर्ज आले चार हजार कोटींच्या वर, म्हणजे साधारण ४०० पट. आमच्या अंबडच्या ऑफिसातल्या चौघांनी भरला होता, लाखाच्या वर एकेक अर्ज, आणि चौघांनाही कंपनीत काही दम नाही हे पक्कं माहीत होतं. विचारलं तर म्हणे ठेवायचाय कोणाला, लिस्टिंगला, म्हणजे शेअर बाजारात आला त्याच दिवशी, विकून मोकळं व्हायचं. तेव्हापासून डोक्यात किडा आहे. युट्यूबवर प्रिझनर्स डायलेमा (दुसरा काय करेल या अंदाजाने दोन कैदी कबुली द्यायची की नाही ठरवतात तो खेळ) बघितला, कळला पण, पण तिथे दोन कैदी आणि इथे लाखो लोक, हे लावायचं कसं? आणि जुन्या तेजी-मंदीचा इतिहास वाचून काही पदरात पडतं का, की दरवेळी नवीनच काहीतरी होतं?

वर्गात_खडू
तुमचे चौघे मूर्ख नाहीत, उलट बरोबर खेळले. केन्स या अर्थतज्ज्ञाने १९३६ मध्येच हे लिहून ठेवलंय. पेपरात शंभर फोटो, त्यातले सहा सुंदर चेहरे निवडायचे, आणि ज्याची निवड सगळ्यांच्या सरासरी पसंतीच्या जवळ जाईल त्याला बक्षीस. मग तुम्हाला स्वतःला कोण आवडतं याला काही अर्थच राहत नाही, बाकीच्यांना कोण आवडेल हे बघायचं, आणि बाकीचेही तेच बघतायत हे धरून बघायचं.

मी दरवर्षी वर्गात एक खेळ घेतो. ० ते १०० मधला एक आकडा चिठ्ठीवर लिहा, सगळ्यांच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाच्या सगळ्यात जवळ जो तो जिंकला. पुस्तकी उत्तर शून्य, कारण प्रत्येकजण दुसऱ्याच्या एक पायरी खाली उतरत गेला की शेवटी शून्यच उरतं. पण शून्य लिहिणारं हुशार पोरगं दरवर्षी हरतं आणि मग माझ्याशीच भांडत बसतं! १९९७ मध्ये रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञाने लंडनच्या फायनान्शियल टाइम्सच्या वाचकांना हाच खेळ दिला होता, जिंकणारा आकडा निघाला १३. म्हणजे लोकांच्या पुढे एखाद-दोन पायऱ्या जायचं, थेट तळाला जाऊन बसलात तर गेलात.

निफाडचा_कांदेवाला
सर हे सगळं आमच्या कांदा साठवायच्या चाळीत बघायला मिळतं. उन्हाळ कांदा एप्रिल-मेला निघतो तेव्हा लासलगाव-पिंपळगावला आवक एवढी की भाव पडलेलाच, म्हणून ज्याच्याकडे चाळ आहे तो भरून ठेवतो, की पुढे ऑगस्ट-सप्टेंबरला भाव येईल. पण भरल्यात सगळ्यांनीच ना. जुलै सरला की जो तो येताजाता दुसऱ्याच्या चाळीकडे बघतो, उघडली का उघडली का. पावसाळी हवेने खालच्या थराला पाणी सुटतं, वास लांबून येतो, कोंब फुटतात, वजन घटतं ते वेगळंच, म्हणजे थांबणं काही फुकट नाही. मग एकाने पिकअप भरला की आठवड्यात अख्खी वस्ती बाजारात आणि भाव कोसळला.

आणि एक गडी दिल्लीत बसलाय त्याचं काय? ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, लिलाव बंद पडले, डिसेंबरात तर निर्यातबंदीच केली ती थेट मे २०२४ ला उठली. आता भाव चढायला लागला की खुशी कमी आणि धाकधूक जास्त, जेवढा वर जाईल तेवढा दिल्लीवाल्यांचा हात जवळ. म्हणून लोक आधीच काढून टाकतात. हे कुठं बसतं तुमच्या थिअरीत?

वर्गात_खडू
भाऊ, चपखल बसतं. नियम बदलणाराही खेळाडूच धरायचा. तो उद्या काय करेल या अंदाजाने तुम्ही आज विकता, म्हणजे त्याने काही करायच्या आधीच भावावर परिणाम झालेला असतो.

कॅश_काउंटर_रिटायर्ड
इतिहासाचं विचारलंय म्हणून लिहिते. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, मग आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसाच पैसा. प्रेमचंद रायचंद तेव्हाचे सगळ्यात मोठे दलाल, राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा. समुद्रात भराव घालणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता. युद्ध कधीतरी संपणार हे काय कोणाला कळत नव्हतं? कळत होतं, पण कधी ते माहीत नव्हतं, आणि शेजारच्याच्या आधी आपण बाहेर पडू असं प्रत्येकाला वाटत होतं. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला, युद्ध संपत आलं आणि कापसाचा भाव कोसळला. इकडे शेअरचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेला पैसे द्यायचे सौदे, होते १ जुलैचे. तो दिवस उजाडला तेव्हा द्यायला कोणाकडेच पैसे नव्हते, आणि बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यात पुढे बुडाली.

मी स्वतः काउंटरला असताना एकदा आमच्या शाखेबद्दल अफवा उठली होती. रांगेतले एक काका मला म्हणाले, मॅडम बँक चांगली आहे हो, मला माहितेय, पण मागचे सगळे काढतायत ना. त्यांना मी काय उत्तर देणार, त्यांचं बरोबरच होतं. डायमंड आणि डिबविग या अर्थतज्ज्ञांनी १९८३ ला नेमकं हेच गणितात मांडलं, २०२२ ला नोबेल मिळालं. चांगली बँकसुद्धा नुसत्या भीतीने बुडू शकते, कारण जो आधी पोचतो त्याला पूर्ण पैसे आणि शेवटच्याला काही नाही. आपल्याकडे हा धडा १९६० ला पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर मिळाला, १९६२ पासून ठेवींना विमा आला, आता तो ५ लाखांपर्यंत आहे. विमा असला की रांगेत धावत जायचं कारणच संपतं. म्हणून इतिहास वाचताना भाव किती चढला यापेक्षा बाहेर पडायचं दार केवढं होतं आणि दाराशी आधी कोण उभं होतं ते बघ बाळा.

एक्स्पायरीचा_मारलेला
सगळं भारी आहे पण एवढं वाचून कमावलं किती कोणी ते सांगा 😀 शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचा २०२४ चा अहवाल बघा, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन, म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे) मधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, सगळ्यांचे मिळून १.८ लाख कोटींच्या वर गेले. ऑप्शनमध्ये एकाचं गेलं तेच दुसऱ्याला मिळतं, त्यातून ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर) वजा, आणि समोर बसलेत मोठमोठ्या फर्मचे अल्गो, म्हणजे आपोआप सौदे करणारे कॉम्प्युटर. तिथे आपण कसले एक पायरी पुढे! शेअरचं तसं नाही, कंपनी कमावते, डिव्हिडंड देते, सगळे मिळून जिंकू शकतात.

आणि त्या चार हजार कोटींना एवढं घाबरू नका. अर्जाचे पैसे आपल्याच खात्यात ब्लॉक होतात, नाही लागला तर सुटतात. अर्ज करायला खर्च जवळपास शून्य, मग कोण सोडेल? लोकांनी कंपनीला मत दिलंय असं समजू नका, फुकटची लॉटरी भरलीय. तुमच्या चौघांना लागला का?

गोदाकाठचा_पोरगा
एकालाही नाही 😂 म्हणजे तो ४०० पटचा आकडा बघून जे लिस्टिंगनंतर बाजारातून घेतात, तेच खरे फसतात का? कारण त्यांचे पैसे खरे जातात.

वर्गात_खडू
ते ज्याच्याकडून घेतायत तो विकायलाच बसलाय, एवढं त्यांनी आधी स्वतःला विचारायला हवं. बाकी फसतातच असं नाही, त्यांच्यानंतर अजून कोणी घेणारा आला तर तेही सुटतात.

निफाडचा_कांदेवाला
माझी चाळ अजून भरलेली आहे, त्यावर बोला कोणीतरी.

कॅश_काउंटर_रिटायर्ड
दादा, तीन-चार हप्त्यांत काढा, पहिला आत्ता. यात गेम थिअरी वगैरे काही नाही, तुमच्या एकट्याच्या मालाने भाव हलणार नाही, पण सगळं एकाच दिवसाच्या लिलावावर टांगून ठेवू नका. आणि खालचा थर आधी तपासा.