सल्ला हवा: ओपन फील्डसाठी नर-माद्या दोन्ही, बजेट २५ हजार

मूषकमती:
सी५७ जातीचे काळे उंदीर (माउस), ८ नर ८ माद्या. मोकळ्या पेटीत आपणहून काय करतात (फिरणं, मागच्या पायांवर उभं राहणं, अंग चाटणं) एवढंच टिपायचंय. कॅमेरा, पेटी, सॉफ्टवेअर सगळं २५ हजारांत. माद्यांचे रोज स्मिअर (ऋतुचक्राची अवस्था कळावी म्हणून योनीतल्या पेशींचा नमुना) काढावेत का? गाइड म्हणतात, काढणार नसशील तर नरच घे, माद्यांचा डेटा पसरतो, म्हणजे आकड्यांत चढउतार फार.

पिंजरा_नं_७:
एथोव्हिजन (हालचाली टिपणारं विकतचं सॉफ्टवेअर) घ्या आणि सुटा. लाखांत जातं, पण एकदाच.

मायक्रोलिटर:
बजेट वाचलं का? असो. गाइडना सांगा, २०१४ मध्ये प्रेंडरगास्ट, ओनिशी आणि झुकर यांनी २९३ शोधनिबंध तपासले. माद्या नरांपेक्षा जास्त पसरलेल्या निघाल्या नाहीत. २०२३ मध्ये दत्ता आणि शान्स्की यांच्या गटाने नेमकं तुमचंच काम केलं, मोसेक (वर्तनाचे बारीक तुकडे ओळखणारं सॉफ्टवेअर) वापरून. ऋतुचक्राचा परिणाम नगण्य. प्रत्येक मादीची स्वतःची ढब ठळक, आणि पसारा नरांमध्येच जास्त.

शेपूटवाली:
पण चक्र ४-५ दिवसांचं, धावचक्रावर फरक दिसतोच की.

मायक्रोलिटर:
तो ठळक फरक रॅटमधला. आपण माउस आणि रॅट दोघांनाही उंदीर म्हणतो म्हणून हा घोळ.

शेपूटवाली:
बरं. स्मिअर काढलाच तर १०-२० मायक्रोलिटर सलाइन, पिपेटची टिप योनीच्या तोंडाशीच, आत नाही. आत टोचत राहिलं की खोटं गरोदरपण येतं आणि चक्र १०-१२ दिवस थांबतं. रोज एकाच वेळी, आणि टेस्टनंतर. आणि हे सगळे विसरतात: नरांनाही तसंच धरून, तेवढाच वेळ हाताळायचं. नाहीतर मोजाल हाताळणीचा फरक आणि लिहाल लिंगाचा.

जुना_गडी:
खरा त्रास नरांचा. २१व्या दिवशी दूध तोडतानाच गट करा, मग मोडू नका. पिंजरा बदलताना घरट्याचं साहित्य नव्या पिंजऱ्यात न्या. मुतलेला भुसा नेलात तर मारामाऱ्या वाढतात. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी चावे दिसले की तो गट बाद. एकेकट्या नराची गटातल्या माद्यांशी तुलना करू नका. आणि माद्या नरांच्या वासापासून लांब गटाने ठेवल्या की चक्र लांबतं, त्याला ली-बूट परिणाम म्हणतात. मग स्मिअरमध्ये पांढऱ्या पेशीच दिसत राहतील.

पिंजरा_नं_७:
पेटी ७० टक्के इथेनॉलने पुसा, झालं.

जुना_गडी:
नाही झालं. नराच्या मुतातली प्रथिनं इथेनॉलने तिथंच चिकटतात, आणि अॅक्रिलिकला बारीक भेगा जातात. आधी सौम्य साबणपाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं. सोळा जण २० मिनिटं अधिक ५ मिनिटं सफाई म्हणजे ४०० मिनिटं. शेवटच्याची वेळ पहिल्यासारखी कशी राहणार? दोन दिवस करा, दिवसाला ४ नर ४ माद्या, आलटून पालटून. शेपटीला धरून उचलू नका, नळीत घ्या.

आयएईसी_ग्रस्त:
प्रयोग करणारा कोण हेही लिहून ठेवा. २०१४ च्या सॉर्ज यांच्या कामात पुरुषाने घातलेल्या टी-शर्टच्या वासानेही जनावरांवर ताण आला. दोन्ही दिवस एकच माणूस. फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) मध्ये नर-माद्या वेगळे लिहा, नाहीतर परत येतो.

मायक्रोलिटर:
कॅमेरा: रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त संगणक) आणि त्याचा नोआयआर, म्हणजे इन्फ्रारेड दिसणारा कॅमेरा, ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी, ४० बाय ४० सेंमीची पेटी. तळ पांढरा, काळ्यावर काळा जीव दिसत नाही. व्हिडिओतून हालचाल मोजणारं डीपलॅबकट सॉफ्टवेअर फुकट आहे.

शेपूटवाली:
+१. फक्त कायनेक्टच्या (एक्सबॉक्स खेळांसाठीचा अंतर मोजणारा कॅमेरा) नादी लागू नका, बंद पडलेला माल.

पिंजरा_नं_७:
मीही कायनेक्टला नाहीच म्हणेन.

मूषकमती:
सगळ्यांचे आभार. दोन्ही घेतेय, टेस्टनंतर एकच स्मिअर, नरांनाही तसंच हाताळणार. आणि रोबोटिक्सवाल्यांच्या कपाटात दुसऱ्या पिढीचा कायनेक्ट धूळ खात पडलाय, तोच लावतेय. तो रंग नाही, वरून खालपर्यंतचं अंतर मोजतो, म्हणजे काळ्या तळाची अडचण नाही, अंधारातही चालतो. उरलेल्या पैशांत नळ्या आणि घरट्याचा कागद.

मायक्रोलिटर:
मग ६०-७० सेंमी वर टांगा, अर्ध्या मीटरच्या आत तो आंधळा. भिंती पॉलिश पेपरने घासून मॅट करा, चकचकीत राहिल्या तर कडेला खोटे ठिपके येतात. यूएसबी ३ चाच पोर्ट लागतो. आणि संगणकाला जोडायचा अडॅप्टर वेगळा असतो, तो त्या कपाटात आहे का ते आधी बघा.