मदत हवी आहे: खंडपीठात मतभेद, मुद्दा मात्र लिहिलेलाच नाही

मुंबई उच्च न्यायालयात दिवाणी स्वरूपाच्या रिट याचिकेत दोन न्यायमूर्तींचे परस्परविरोधी निकाल आले. लेटर्स पेटंटच्या (उच्च न्यायालयाच्या स्थापनेची सनद) कलम ३६ नुसार मतभेदाचा मुद्दा त्यांनीच नोंदवायचा, मग मुख्य न्यायमूर्ती तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण सोपवतात. इथे आदेश एवढाच: ‘कागदपत्रे मुख्य न्यायमूर्तींसमोर ठेवावीत.’ प्रबंधकांकडे लेखी विनंती आणि स्मरणपत्र देऊन झाले. फाइल प्रशासकीय बाजूला आहे, हेच उत्तर. (फौजदारी प्रकरण नाही, त्यामुळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, न्यायमूर्तींच्या मतभेदाबाबतचे कलम ४३३ लागू नाही.) दोघेही न्यायमूर्ती सेवेत आहेत, पण रोस्टर (न्यायमूर्तींचे कामवाटप) बदलल्याने आता एकत्र बसत नाहीत. अंतरिम स्थगिती निकालापर्यंतच होती.

मुद्दा नोंदवून घ्यायला तेच खंडपीठ पुन्हा बसवण्याची विनंती मुख्य न्यायमूर्तींना करायची, की तिसरे न्यायमूर्ती दोन्ही निकालांवरून मुद्दा ठरवू शकतात? आणि तोवर स्थगिती कोणापुढे मागायची?