दुबईला जाताना आईबाबांची औषधं

प्रश्न (नाशिककर): दिवाळीत आईबाबांना दुबईला नेतोय. बाबांना इन्शुलिन आहे, आईला गुडघ्यासाठी ट्रामाडॉलची गोळी. काही अडचण येते का?

शारजावासी: इन्शुलिनचं टेन्शन नको. फक्त हातातल्या बॅगेत ठेवा. खाली सामानात टाकलंत तर गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्शुलिन फेकूनच द्यायचं. इथली वेळ भारतापेक्षा दीड तासच मागे, त्यामुळे डोसची फार ओढाताण होत नाही. तरी डॉक्टरांना विचाराच.

खरी गोम ट्रामाडॉलची. इथे ते नियंत्रित औषध आहे, कोडीनवालं खोकल्याचं औषधसुद्धा. निघायच्या आधी इथल्या सरकारच्या अधिकृत साइटवरून परवानगी काढा. मूळ चिठ्ठी हवी, तीवर औषधाचं शास्त्रीय नाव हवं. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका. आमच्या मावशींनी सगळ्या गोळ्या जर्द्याच्या जुन्या डबीत आणल्या होत्या, कस्टमवाल्यासमोर आमची बोबडी वळली!

नाशिककर: बाप रे. त्यापेक्षा डॉक्टरांकडून गोळीच बदलून घेतो. फराळ चालेल ना?

शारजावासी: चिवडा, लाडू खुशाल. अनारसे मात्र नाहीत! खसखस इथे बंदी असलेली वस्तू आहे. गरम मसाल्यातही असते, आईंना विचारून घ्या.

पुण्याची सून: प्रवास विमा काढताना बाबांचा मधुमेह लपवू नका. आधीपासूनचा आजार कितपत कव्हर होतो ते वाचून घ्या, नाहीतर क्लेम अडतो. आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर ९९८, सेव्ह करून ठेवा.