कडा पिवळ्या पडल्या म्हणून लगेच युरिया नको
पर्वरीच्या घरासमोर आठवड्यापूर्वी लॉनच्या लाद्या (मातीसकट कापून आणलेले गवताचे चौकोनी तुकडे) बसवल्या, आता कडा पिवळ्या पडून सांधे उघडे दिसतायत, युरिया टाकू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. मुळांनीच जमीन धरली नसेल तर खत खाणार कोण? उलट गवत करपेल.

आधी एक कोपरा हळूच उचलून बघा. आमच्या फोंड्याच्या अंगणात मी उचलला, तर लादी वरून ओली आणि खाली जांभ्याची खडी ठणठणीत कोरडी. पांढरी मुळं नुसतीच लोंबकळत होती. माळी इंचभर माती पसरून मोकळा झाला होता! खाली निदान ४-६ इंच भुसभुशीत माती हवीच. तुमच्याकडेही तसंच निघालं तर लाद्या काढून माती भरण्याला पर्याय नाही. आजच काढा, गवत अजून वाचेल.

माती ठीक असेल तर सांध्यांत चाळलेली माती आणि शेणखत भरा, वर फळी ठेवून दाबा. पहिले दोन आठवडे रोज सकाळी पाणी, कडक उन्हात संध्याकाळीही. नुसतं शिंपडणं नव्हे, लादीखालची माती ओली झाली पाहिजे. ओढूनही लादी उचलली नाही की मूळ धरलं. मग पाणी कमी वेळा पण भरपूर. पहिली कापणी त्यानंतरच, तीही वरचा एक तृतीयांश भाग.

आणि हो, माडाच्या सावलीत बर्म्युडा गवत (हरळी) टिकत नाही, तिथे रुंद पानांचं बफेलो गवत लावा.